कंबर चौतीस

फातिमाभाभीच्या गळ्यात टेप असते, पण ती शोभेची. बाई दुकानाची पायरी चढत असतानाच तिचं माप भाभीच्या डोक्यात बसलेलं असतं. टेप लावायची ती गिऱ्हाइकाचं समाधान व्हावं म्हणून. मागच्या दिवाळीला मी ब्लाउजपीस घेऊन गेले, तर तिनं मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दंडाला अर्धा इंच वाढवावं लागेल म्हणाली. मला राग आला. टेप लावून दाखव म्हटलं. तिनं लावली, आणि अर्धा इंचच निघाला. तेव्हापासून तिच्या दुकानासमोरून जाताना मी पोट आत घेऊन जाते.

आमची सोसायटी नेरूळला. खाली गाळे आहेत, त्यातला कोपऱ्यातला तिचा. दुसऱ्या मजल्यावर तिचं घर, चौथ्यावर माझं. इतक्या वर्षांत माझ्या लग्नापासून बाळंतपणापर्यंत सगळं तिच्या शिलाईखालून गेलंय. सोसायटीत कुणाकडे पाळणा हलणार हे नवऱ्याच्या आधी तिला कळतं. पण एकीचं माप ती दुसरीला सांगत नाही. सासूचं सुनेला नाही, सुनेचं सासूला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या शालनची कंबर माझ्यापेक्षा जास्त आहे की नाही, एवढं साधं मी कितीदा खोदून खोदून विचारलं असेल. ती सुईत दोरा ओवत बसते.

तिला चीड एकाच गोष्टीची, फ्री साइज. कुणी बाजारातून फ्री साइज कुर्ता आणून ‘जरा बाजूनं दाबून दे’ म्हणालं की तिच्या कपाळाला आठी पडते. फ्री साइज म्हणजे कुणालाच न बसणारं, असं तिचं म्हणणं. कपडा अंगाचा असतो, अंग कपड्याचं नसतं, हे ती इतक्यांदा म्हणते की माझ्या मुलीला पाठ झालंय.

आणि पुरुषांना ती टेप लावत नाही. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा नाही, हा तिचा नियम. लेडीज टेलरला त्याची अडचण यायचं कारणही नव्हतं. पुढे कुस्तीवाले आले तेव्हाही तिनं नियम मोडला नाही. पोराला काउंटरच्या पलीकडे उभं करायचं, एकदा गोल वळायला सांगायचं, झालं माप. पुढचं सगळं रामायण ह्या नियमानं घडवलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

कुस्तीवाल्यांच्या आधी तिचा नवरा सांगायला हवा. झहूरभाई मूळचे म्हसळ्याकडचे. उभी जवानी सौदीत क्रेन चालवण्यात गेली. दोन-दोन वर्षांनी पाहुण्यासारखे यायचे, अत्तर आणि खजूर वाटायचे आणि परत जायचे. भाभीनं इथे मशीनवर मुलगा वाढवला, शिकवला. आता तो फहादही दोह्याला. झहूरभाई कायमचे परत आले तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं की आपल्याला एकमेकांशी बोलायची सवयच नाही. फोनवर कसं, बरी आहेस ना, पैसे पोचले ना, की संपतं. समोरासमोर सोफ्यावर बसल्यावर तेवढ्यावर भागत नाही. भाभीनं मला सांगितलं होतं, पहिले काही महिने ती मुद्दाम दुकान उशिरा बंद करायची, कारण घरी जाऊन काय बोलायचं हे तिला सुचत नसे.

मग टीव्हीवरची कुस्ती आली. मातीतली नाही. दोरखंडाच्या चौकोनात, ढोलाएवढ्या माणसांनी एकमेकांना उचलून आपटायची, ती. झहूरभाईंना तिचं वेड सौदीतल्या कामगारांच्या कॅम्पात लागलेलं. शुक्रवारी सुट्टी, हॉलमध्ये एकच टीव्ही. पठाण, मल्याळी, बंगाली, कुणाचं कुणाला कळत नाही, पण कुस्ती लागली की सगळे एका सुरात ओरडत. इथे परत आल्यावर एकट्यानं ओरडायला त्यांना लाज वाटायची. एकदा भाभी भाजी निवडत शेजारी बसली आणि त्या अमेरिकन पैलवानाची चड्डी बघून म्हणाली, शिवण चुकलीय, तिसऱ्या उडीला फाटणार. चौथ्या उडीला फाटली. झहूरभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून दोघं शेजारी बसून कुस्ती बघतात. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर दोघांनी मिळून करायची ही पहिली गोष्ट, असं भाभी म्हणते, आणि म्हणताना लाजते.

ह्याच सुमारास महाप्याच्या एका कंपनीतली नोकरी सोडून अश्विन नावाच्या मुलानं कुस्तीची स्वतःची कंपनी काढली. नाव ‘दणका’. महाप्यालाच एका बंद कारखान्याची शेड घेतली, आत रिंग टाकली, दिवे लावले, कॅमेरे लावले. दोन महिन्यांतून एकदा मोठा इव्हेंट, सगळ्या मोठ्या लढती एकाच दिवशी, त्याला नाव ‘महादणका’. घरबसल्या बघायचा तर पैसे भरायचे आणि मोबाइलवर लिंक घ्यायची. ह्याला पे-पर-व्ह्यू म्हणतात. अश्विनची कल्पना अशी की जो बघेल तो भरेल. आमच्याकडे एक भरतो आणि बिल्डिंग बघते. भरणारे अर्थातच झहूरभाई.

अश्विनच्या पहिल्याच इव्हेंटला एका पैलवानाची चड्डी लाइव्ह उसवली आणि कॅमेरा घाईघाईनं शेडच्या पत्र्याकडे वळवावा लागला. बराच वेळ आम्ही पत्रे बघत होतो. दुसऱ्या दिवशी झहूरभाई स्वतः महाप्याला गेले आणि अश्विनला आपल्या बायकोच्या दुकानात घेऊन आले. भाभी शाळेच्या मुलींचे पोहण्याचे पूर्ण बाह्यांचे पोशाख शिवते, त्यामुळे ताणणाऱ्या कापडाचा तिला सराव. अशी ती लेडीज टेलरची पैलवानांची टेलर झाली. पाटी मात्र तीच आहे.

पट्ट्याची भानगड त्यानंतरची. चॅम्पियनचा पट्टा म्हणजे मध्ये ताटाएवढी सोनेरी थाळी, दोन्ही बाजूंना चामडं, मागे टिचबटणं. एका इव्हेंटला नवा चॅम्पियन जिंकला, पट्टा कमरेला लावला, आणि बटणं जुळेनात. बिचारा दोन्ही हातांनी पट्टा धरून उभा. जिंकलेल्या माणसाला हात वर करता येईना. अश्विन पट्टा घेऊन भाभीकडे आला. टिचबटणांच्या पाच-सहा ओळी मारा म्हणाला, म्हणजे कुणालाही बसेल. भाभीनं पट्टा काउंटरवर ठेवला आणि त्याला सरळ सांगितलं की फ्री साइज ती शिवत नाही. कुणाला बसवायचाय ते सांगा, त्याच्या मापाचा करून देते.

आता निकाल आधी ठरलेला असतो हे शेंबडं पोरही सांगेल. पण काय ठरलंय हे बाहेर फुटलं तर कोण पैसे भरून बघणार? अश्विननं बराच विचार केला आणि तोड काढली. इव्हेंटच्या आदल्या दिवशी तो भाभीला मोबाइलवर फक्त एक आकडा पाठवणार, जिंकणाऱ्याची कंबर. नाव नाही, गाव नाही. आपण फार हुशारी केली असं त्याला वाटलं. पण सगळ्यांच्या चड्ड्या शिवणाऱ्या बाईला कंबर सांगणं म्हणजे नावच सांगणं, हे त्याच्या लक्षात आलं नाही, आणि भाभीनं ते आणून दिलं नाही. काम हवं होतं, आणि माप पोटात ठेवायची सवय होतीच.

हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की महादणकाच्या दिवशी भाभीच्या घरी अर्धी बिल्डिंग सोफ्यावर, खुर्च्यांवर, जमिनीवर बसून ओरडतेय आणि भाभी टीव्हीकडे न बघता नवऱ्याकडे बघतेय. मी तिला एकदा चिडवलंही, की ह्या वयात काय एवढं बघायचं. तिला निकाल माहीत असायचा. झहूरभाई जिवाच्या आकांतानं ओरडत असायचे, आणि ती शेजारी बसून खोटंखोटं ‘अरे अरे’ करायची. एवढ्या वर्षांनी एका सोफ्यावर बसायला मिळालं, आणि तिथेही आपण त्याच्याबरोबर नसतोच, हे तिला टोचायचं. काम सोडावं तर तेही झहूरभाईंनीच हौसेनं आणलेलं.

त्यात त्यांचा लाडका पैलवान कुंदन. आमच्या मागच्या गावठाणातल्या गोटीरामशेठचा मुलगा. शेठची चाळ होती तिथे आता बिल्डिंग आहे, खाली त्यांचं भाडेवसुलीचं ऑफिस. मुलानं त्या ऑफिसात बसावं ही त्यांची इच्छा, आणि मुलगा महाप्याला जाऊन पाठीवर आपटून घेतो. रिंगमध्ये त्याचं नाव ‘खाडीवाला’. बँजोच्या तालावर येतो. अंगात बंडी, आणि चड्डीवरून आगरी पद्धतीनं गुंडाळलेला लाल चौकटीचा रुमाल. शेवटचा डाव म्हणजे दोरावर चढून समोरच्यावर आडवं पडायचं, त्याला म्हणतात ‘भरती’. तो दोरावर चढायला लागला की सगळी शेड ‘भरती, भरती’ ओरडते. चेंडूसारखं गोल पोट, हसरा चेहरा, आणि मोठ्या लढतीत हटकून हार. सम्राट नावाचा खारघरचा जिममास्तर हल्ली बहुतेक वेळा चॅम्पियन. त्याची कंबर चौतीस. कुंदनची त्याहून चांगली वितभर जास्त.

झहूरभाईंना हरणारा माणूसच का आवडावा, असं मी भाभीला विचारलं होतं. कॅम्पातही ते हरणाऱ्याचीच बाजू घ्यायचे म्हणे. जिंकणाऱ्याच्या बाजूनं ओरडायला सगळे असतातच.

आणखी एक गोष्ट. महादणकाच्या रविवारी भाभीकडे खायला असायचं. कधी सांदणं, म्हणजे तांदळाचा रवा नारळाच्या दुधात आंबवून वाट्यांतून उकडलेली, वरून साय. झहूरभाईंचा त्या पदार्थावर फार जीव. कधी नुसता चहा आणि बेकरीची खारी. आम्ही सांदणांच्या आशेनं जायचो आणि खारी निघाली की मनातल्या मनात हिरमुसायचो. कधी काय असेल ह्याचा काही नियम आहे, असं आमच्या डोक्यातही आलं नाही.

मग एका महादणकाच्या आधी कुंदननं मोबाइलवर जाहीर केलं की ह्या वेळी सम्राटकडून पट्टा घेता आला नाही, तर तो रिंग सोडणार. असलं बोलणं हा ह्या धंद्यातला मसालाही असतो. पण गावठाणात सगळ्यांना माहीत होतं की हे खरं आहे. गोटीरामशेठनी मुलाला ही शेवटची संधी दिली होती. हरला तर सोमवारपासून ऑफिसात. झहूरभाईंची झोप उडाली. सकाळी दूध घ्यायला खाली आले की मला गाठायचे आणि विचारायचे, काय वाटतं. मला काय वाटणार? मी म्हटलं भाभीला विचारा, ती त्यांच्यात वावरते. ते हसले आणि म्हणाले, तिला नाही विचारायचं. ह्या माणसानं बायकोला निकालाचं कधीच विचारलं नाही. आम्ही बाकीचे मात्र दुकानात जाऊन तिचं डोकं खायचो.

त्याच आठवड्यात कुंदनची आई भागीरथीकाकी ब्लाउज टाकायला दुकानात आली. मीही तिथेच होते. काकी मुलाच्या काळजीनं अर्धी झाली होती.

“पोऱ्या काय खात नाय गो बाय,” ती म्हणाली. “मटनाच्या टोपाला हात लावत नाय. हल्दीला गेला तरी उपाशी येतो. कोनाची नजर लागली, काय कलत नाय.”

भाभीनं तिला नजर उतरवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी कुंदन स्वतः बंडी न्यायला आला, भर उन्हात प्लास्टिकसारखं चकचकीत, जाड जॅकेट घालून, घामानं निथळत. तो गेल्यावर ही कसली फॅशन म्हणून आम्ही दोघी हसलो. बंडी तिनं नेहमीच्या मापाची शिवली होती. रुमाल तर काय, गुंडाळायचाच. त्याची चड्डी शिवून वर्ष झालं होतं.

शनिवारी आकडा आला. चौतीस.

भाभीनं पट्टा पुढ्यात घेतला आणि चौतीसवर टिचबटणं मारली. नंतर मला सांगताना ती म्हणाली की बटणं मारताना हात जड झाला होता, एखाद्याच्या कफनाला टाके घालावेत तसा. आता ह्या बाईला उगाच कफन आठवतं, पण वाईट तिला खरंच वाटलं होतं. नवऱ्यानं सगळ्या बिल्डिंगला बोलावलेलं, मशिदीच्या जमातीतल्या दोन मित्रांना बोलावलेलं, फहादला दोह्यात लिंक काढायला लावलेली. आणि उद्या त्याचा कुंदन हरणार, ते सुद्धा कायमचा. संध्याकाळी तिनं दुकान लवकर बंद केलं, दोन नारळ आणले आणि तांदळाचा रवा भिजवला.

रविवारी संध्याकाळी आम्ही गेलो, तर टेबलावर सांदणांचा डोंगर. सायीचं पातेलं वेगळं. माझी मुलगी खूश, मी खूश. झहूरभाईंनी त्या डोंगराकडे पाहिलं, टोपी काढून डोकं खाजवलं, पुन्हा घातली, आणि सगळ्यांना बसा बसा म्हणू लागले. मला वाटलं, लढतीचं टेन्शन असेल.

आधीच्या लढती कशा झाल्या ते मला आठवत नाही. मी खात होते. मग बँजो वाजला आणि खाडीवाला आला. बंडी फुगलेली, रुमाल घट्ट गुंडाळलेला. झहूरभाई सोफ्याच्या टोकाला सरकले आणि त्यांनी अशी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. माणूस घसा फोडून ओरडत होता. भाभी त्यांच्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. मी समजले, सांदणांच्या वाफेचं असेल. मी किती भोळी आहे ते ह्यावरून कळेल.

सम्राटनं कुंदनला धुतला. उचलला, आपटला, दोराला लटकवला. रेफरी दुसरीकडे बघत असताना बुक्की मारली. आमच्या खोलीतून रेफरीचा उद्धार झाला. मग सम्राटनं कुंदनची बंडी गळ्यापाशी धरली आणि ओढून टराटरा फाडली, बाहेर फेकून दिली. कॅमेरा जवळ गेला. कुंदन दिव्यांखाली उघडा उभा राहिला, आणि पोट नव्हतं. जिथे चेंडू होता तिथे सपाट, फक्त रुमालाची गाठ.

भाभी सोफ्यावरून उठली. तिचा एक हात गळ्यातल्या टेपकडे गेला. ती अशी टीव्हीच्या जवळ गेली की मागच्यांनी बसा, बसा केलं. तिला ऐकूच गेलं नाही.

“चौतीस,” ती पुटपुटली. “हा पन चौतीस.”

काय म्हणतेय हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. आता मला कळतं. पोऱ्या जेवत नव्हता, उन्हात जॅकेट घालून घाम गाळत होता, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं होतं, आणि दंडावरचा अर्धा इंच पकडणाऱ्या बाईला एका पोराचं अख्खं पोट गेलेलं दिसलं नव्हतं. अश्विननं कंबर टेपनं मोजली होती, तिनं नजरेनं. रिंगमध्ये दोघंही चौतीस. म्हणजे पट्टा दोघांपैकी कुणाचाही. पहिल्यांदाच तिला निकाल माहीत नव्हता.

मग त्या बाईनं जे काही ओरडायला सुरुवात केली, ते मी जन्मात विसरणार नाही. आवाज चढला, ओढणी खांद्यावर आली, हात हवेत. जमातीतले दोघं चपापून भिंतीकडे बघू लागले. कुंदन दोराशी पोचला तेव्हा तिनं झहूरभाईंचा खांदा धरून त्यांना उठवलं, आणि दोघं गळ्यात गळा घातल्यासारखी उभी राहून ‘भरती, भरती’ ओरडू लागली. कुंदन चढला. वर उभा राहिला. सम्राट खाली पडलेला, एक हात हलत होता. रेफरी मध्ये आला. मी डोळे मिटले, मला असलं बघवत नाही. धाडकन आवाज आला, एक, दोन आणि तीन ऐकू आलं, आणि डोळे उघडले तर पट्टा कुंदनच्या कमरेला होता. बटणं एका फटक्यात लागली आणि त्याचे दोन्ही हात वर होते.

भाभी उड्या मारत होती. हो, उड्या. मग तिला भान आलं, ओढणी डोक्यावर घेतली आणि पाणी आणते म्हणून आत जायला निघाली. सगळे एकमेकांना टाळ्या देत होते. मोबाइलवर फहाद दोह्याहून ओरडत होता. झहूरभाई मात्र टेबलापाशी गेले. एक सांदण उचललं, हातात फिरवून बघितलं, आणि हळू आवाजात बायकोला विचारलं, “मंग आज सांदना कशाला केलीस गो?”

भाभी थांबली. मी त्यांच्या अगदी शेजारी होते, म्हणून मला ऐकू आलं.

“कशाला म्हंजे?”

“तो हरनार असला का तू सांदना करतंस,” झहूरभाई म्हणाले. “नायतर खारी. आज एवढा मोठा टोप बघितला, मला वाटला संपला पोराचा.”

भाभीचा चेहरा बघण्यासारखा झाला. सगळ्या सोसायटीची मापं पोटात ठेवणारी बाई, तिचं एकच गुपित होतं आणि ते तिनं स्वतःच ताटात वाढून ठेवलं होतं, दर वेळी. नवऱ्याला दुःख होणार म्हणून आधीच त्याच्या आवडीचं काहीतरी करायचं, एवढंच तिच्या मनात असायचं. त्याचा अर्थ निघतो हे तिला सुचलंच नव्हतं.

“ठाव होता तर गला फाडून ओरडायचा कशाला?” तिनं विचारलं.

झहूरभाईंनी सांदणाचा तुकडा तोडला. “तू माझ्याकडे बघत बसायचीस ना, मी खुशीत हाय का नाय म्हनून,” ते म्हणाले. “मंग काय गप बसू?”

मला रडू आलं. मी शालनला म्हटलं साय तिखट आहे, आणि तिनं ते खरं मानलं. इतके महिने ती दोघं शेजारी बसून एकमेकांसाठी नाटक करत होती, रिंगमधल्या पैलवानांपेक्षा चांगलं, आणि आम्ही मूर्ख टीव्हीकडे बघत होतो. भाभीनं ताटातून एक सांदण घेतलं आणि झहूरभाईंच्या शेजारी उभं राहून खाल्लं. पाणी आणायचं राहूनच गेलं.

कुंदन ऑफिसात बसला नाही. गोटीरामशेठनी ऑफिसातच त्याचा पट्ट्यासकट फोटो लावलाय, आणि भाडेकरूंना तो बघूनच पुढे जावं लागतं. भागीरथीकाकीची तक्रार तेवढी अजून आहे.

पुढच्या महादणकाच्या आधी अश्विन दुकानात आला तेव्हा मी फॉल-पिकोची साडी घ्यायला गेले होते. भाभीनं त्याला सांगितलं की आता कंबर पाठवायची नाही, पट्टा आणून टाकायचा. त्यानं पट्टा आणला. तिनं चामड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत टिचबटणांच्या ओळी मारल्या, शेजारी शेजारी, दाट. माझ्याही कमरेला बसेल आणि शालनच्याही. मला हसू आवरेना. हे काय शिवतेस म्हणून मी विचारलं, तेव्हा मान वर न करता ती म्हणाली, “फ्री साइज.”

आता तिला काही माहीत नसतं, म्हणून सांदणंही असतात आणि खारीही असते. गेल्या रविवारी कुंदन पट्टा हरला. सम्राटनं पुन्हा तीच रेफरीच्या पाठीमागची बुक्की मारली. भाभी आणि झहूरभाई सोफ्यावरून एकदम उठले आणि दोघांनी एकदमच रेफरीला शिव्या घातल्या.